सोमवारी दुकानाची, रविवारी ट्रॅकवरची गाडी

व्यापार-उद्योगाच्या या पानावर मोटारींच्या ट्रॅकचा विषय पाहून काही वाचक म्हणतील, या कापडवाल्याला आता हे काय सुचले? सुचले नाही, गळ्यात पडले. आमच्या पेढीची एक गाडी आहे, २०१७ सालची, जुन्या बाजारातून घेतलेली स्विफ्ट. सोमवार ते शनिवार ती चारकोपहून मालाड, गोरेगाव, दहिसरच्या शिलाई कारखान्यांना कापडाचे नमुने पोहोचवते. ती चालवतो माझा भाचा. दिवसा नमुने आणि रात्री बाराच्या पुढे लिंक रोड, असा त्याचा कार्यक्रम चालू असल्याचे मला शेजाऱ्यांकडून कळले. चार-पाच मुले, चार-पाच गाड्या आणि सिग्नल ते सिग्नल शर्यत.

चारकोप ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की इथली वस्ती दाट आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने छोट्या छोट्या प्लॉटची जी योजना राबवली, त्यातून हे सेक्टर उभे राहिले. घरे लहान, गल्ल्या अरुंद, मधल्या चौकात मुले खेळतात. अशा ठिकाणी वेगाची चटक लागलेल्या मुलाच्या हातात किल्ली देणे म्हणजे काय, हे बाप-मामांना सांगायला नको. किल्ली काढून घेण्याचा मार्ग मोकळा होताच, पण मी स्वतः तरुणपणी यझदी मोटारसायकलवर काय काय केले ते मला आठवत होते. काढून घेतलेली किल्ली एखाद्या मित्राकडून परत मिळते. म्हणून मी त्याला सांगितले, "वेग हवा असेल तर बंदिस्त ट्रॅकवर घे. रस्त्यावर पुन्हा दिसलास तर गाडीही गेली आणि पगारही."

कायदाही वाचकांनी ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दंड भरता येतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा जीव भरून देता येत नाही.

हा प्रकार नवा नाही

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ट्रॅकचा मालक किंवा आयोजक शुल्क घेऊन हौशी लोकांना आपली गाडी बंदिस्त मार्गावर ठरावीक वेळ चालवू देतो. कोणी पहिला येत नाही, कोणी शेवटचा येत नाही. वळणात गाड्या एकमेकांना ओलांडत नाहीत. आपल्या देशात हौशी लोकांनी रोजची गाडी घेऊन जाण्याची ही रीत जुनी आहे. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातील एक धावपट्टी होती. तिथे कित्येक वर्षे शर्यती झाल्या आणि त्यांत आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या फियाटही धावल्या. मग १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला खास ट्रॅक झाला. कोईमतूरचा करी, दिल्लीजवळचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध (२०११) हे नंतरचे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाचे कार्यक्रम झाले. अलीकडे तळेगावच्या बाजूला नाणोलीला ट्रॅक झाला आहे, कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. आपल्या वाचकांना हेही सांगायला हवे की मोटारसायकल शर्यतपटू आर. ए. अब्दुल्ला यांची मुलगी अलिशा अब्दुल्ला हिने चेन्नईतून मोटारसायकल आणि मोटार दोन्हींच्या राष्ट्रीय शर्यतींत नाव मिळवले. माझ्या भाचीने हे नाव घरात दोनदा ऐकवले आहे. असो.

काही मंडळी विचारतील, हे जायज आहे का? मी आलिम नाही. पैज लावली तर तो जुगार, त्यात दुमत नाही. पण बुखारी शरीफमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत आहे की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती घेतल्या आणि त्या धावणाऱ्यांत इब्ने उमर स्वतः होते. त्या रिवायतीतील एक तपशील मला या विषयात फार उपयोगी पडला. तयार केलेले घोडे हफया ते सनियतुल विदा असे धावले, म्हणजे पाच-सहा मैल. तयार न केलेल्या घोड्यांना सनियतुल विदा ते बनी जुरैकची मशीद एवढेच, म्हणजे एक मैल. घोडा तयार करणे म्हणजे आधी खाऊ घालून मग चारा मोजून देणे, अंगावर झूल घालून घाम काढणे, अंग हलके आणि दम लांब करणे. ज्याची तयारी नाही त्याला अंतर कमी. आमची स्विफ्ट ही तयार न केलेल्या घोड्यांतली आहे, हे पहिल्या खेपेला आम्ही विसरलो.

पहिली खेप

भाच्याने महिनाभर आधीपासून 'तयारी' केली. बंपरखाली काळी पट्टी लावली, मागे पंख बसवला, जाड तोंडाचा सायलेन्सर लावला आणि ब्रेकच्या कॅलिपरवर लाल प्लॅस्टिकची झाकणे चढवली. अठ्ठावीस हजार रुपये गेले. पुणे जिल्ह्यातील एका खासगी ट्रॅकवर आम्ही सकाळी पोहोचलो. चौथ्या फेरीत, लांब सरळ पट्टा संपून वळण येते तिथे ब्रेकचे पायडल सपाट जमिनीला टेकले. त्याने दोन-तीनदा पंप मारला, थोडी पकड आली आणि गाडी ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या मातीत जाऊन थांबली. अल्लाहची मेहरबानी की तिथे भिंत नव्हती. मी कठड्याला धरून उभा होतो. त्या दोन-तीन सेकंदांत आपण बहिणीला काय सांगणार हा एकच विचार डोक्यात होता.

परत येताना गाडी टोवर आणली. मालवणीत आमचे एक उस्ताद आहेत, चाळीस वर्षे गाड्यांखाली गेलेली. त्यांनी आधी लाल झाकणे काढून बाजूला फेकली, मग ब्रेक ऑइलची बाटली उघडली. ऑइल नव्हते, कडक चहा होता. गाडी घेतल्यापासून ते आम्ही बदललेच नव्हते. दोष कोणाला द्यायचा? आमचाच.

उस्ताद म्हणाले, "मामू, तुम्ही घोड्याला दागिने घातले, नाल ठोकली नाही."

ब्रेक

याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण शहरातल्या रस्त्यावर हा दोष दिसतच नाही. ब्रेक म्हणजे धावण्याची ताकद उष्णतेत बदलणारे यंत्र. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. लिंक रोडला एकदा ब्रेक दाबल्यावर पुढच्या सिग्नलपर्यंत डिस्क थंड होते. ट्रॅकवर दर पंधरा-वीस सेकंदांना जोराचा ब्रेक लागतो आणि थंड व्हायला उसंत मिळत नाही. ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

आता ब्रेक ऑइलचा स्वभाव असा की ते हवेतील ओल शोषते. डब्यावर डॉट-३, डॉट-४ असे लिहिलेले असते. ताज्या डॉट-३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट-४ चा किमान २३०. पाणी शोषल्यावर हेच आकडे किमान १४० आणि १५५ पर्यंत खाली येतात. आपल्या मुंबईची चार महिन्यांची हवा डोळ्यांसमोर आणा. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यात जातो आणि पायडल खाली बसते. गाडी थंड झाल्यावर पायडल पुन्हा कडक होते. म्हणून लोक 'काही नाही, झाले होते जरासे' म्हणून तशीच चालवत राहतात. ही सर्वात मोठी चूक.

उस्तादांनी सीलबंद बाटलीतले नवे डॉट-४ भरले. उघडलेली उरलेली बाटली पुढच्या गिऱ्हाइकाला वापरायची नाही, हा त्यांचा नियम आहे, कारण उघड्या बाटलीतही ओल शिरते. एकाने पायडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी नळी लावून जुने ऑइल काढायचे, स्वच्छ रंग दिसेपर्यंत आणि बुडबुडा थांबेपर्यंत. डॉट-५ हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे, नंबर मोठा म्हणून तो यात ओतू नये. पुढचे पॅड अर्धे झिजलेले होते. शहरासाठी अजून वर्ष निघाले असते, पण पातळ पॅडमधून उष्णता लवकर आत जाते, म्हणून तेही बदलले. आणि ती लाल झाकणे? त्यांनी कॅलिपरचा वारा अडवला होता. शोभेसाठी लावलेली वस्तू थेट नुकसान करत होती.

ट्रॅकवरचा एक शिस्तीचा भागही उस्तादांनी शिकवला. तीन फेऱ्या जोराच्या, चौथी सावकाश, ब्रेकला हात न लावता, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवते. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा, नाहीतर तापलेले घर्षणाचे सामान एकाच जागी चिकटून बसते आणि मग ब्रेक दाबला की थरथर सुरू होते.

टायर आणि शिंप्याचा खडू

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३२२' म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून टायर चांगला, असे समजू नये. पाच-सहा वर्षांचा टायर उन्हाने कडक होतो आणि कडक रबर रस्ता धरत नाही. कडेला चीर, फुगवटा किंवा जुने पंक्चर असेल तर तो टायर ट्रॅकवर नेऊच नये.

हवेचे प्रमाण हा खरा किफायतशीर उपाय आहे, कारण हवा जवळजवळ फुकट आहे. धावून टायर तापला की आतला दाब चार ते सहा पौंडांनी वाढतो, म्हणून मोजणी दोनदा करायची, सकाळी थंड असताना आणि फेऱ्या मारून आल्या आल्या. किती हवा योग्य हे कसे कळणार? इथे माझा धंदा कामी आला. उस्ताद खडू शोधत होते, मी खिशातला शिंप्याचा खडू दिला. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, आडव्या रेघा मारायच्या. तीन फेऱ्यांनंतर पाहायचे. रेघ भिंतीपर्यंत पुसली गेली असेल तर वळणात टायर दुमडतो आहे, हवा थोडी वाढवा. खांद्यावरची रेघ जशीच्या तशी असेल तर हवा जास्त आहे, टायर मधल्या भागावरच उभा आहे, एक-दोन पौंड कमी करा. घरी निघण्यापूर्वी थंड झालेल्या टायरची हवा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे परत करायची. हे विसरलात तर एक्सप्रेसवेवर चुकीच्या हवेने याल.

चाकांचे नट अंदाजाने पायाने दाबून आवळायचे नाहीत. त्यासाठी टॉर्कचा पाना असतो. ठरलेल्या जोरावर तो 'टक्' असा आवाज देतो. किती जोर, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. फेऱ्यांनंतर, चाके निवल्यावर, पुन्हा एकदा तपासावे.

सीट कव्हर आणि अंगावरचे कापड

आता मी माझ्या प्रांतात येतो. आमच्या गाडीला चकचकीत रेक्झिनची कव्हरे होती. सुंदर दिसतात, पुसायला सोपी. पण वळणात चालवणारा त्यांवरून सरकतो. सरकू नये म्हणून तो स्टिअरिंगला लटकतो, आणि स्टिअरिंगला लटकलेल्या माणसाला पुढच्या चाकांची भाषा कळत नाही. कव्हर काढून कंपनीचे मूळ कापड मोकळे केले तर भाचा म्हणाला, गाडीच बदलली. एक पैसा न खर्चता.

याहून गंभीर गोष्ट, जी आपल्या सीट कव्हर शिवणाऱ्या बांधवांनी नीट ऐकावी. आता नव्या गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅग सीटच्याच कडेतून बाहेर येतात. २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये तर सहा एअरबॅग सर्वच मॉडेलमध्ये आहेत. सीटच्या कडेला 'एअरबॅग' अशी पट्टी असेल तर त्या जागी पक्की दुहेरी शिवण घालणे म्हणजे एअरबॅगचे तोंड शिवणे. तिथे कव्हर उघडे ठेवावे, किंवा खास त्या कामासाठी केलेल्या, दाबाने उसवणाऱ्या शिवणीचे कव्हरच वापरावे. शिवण पक्की असणे हा आपल्या कारागिराचा अभिमान असतो, पण या एका जागी पक्की शिवण घातक आहे.

अंगावर काय घालावे? शर्यतीचे पोशाख अरॅमिड धाग्याचे असतात, तो धागा वितळत नाही. हौशी दिवसाला एवढा खर्च नको, पण पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून जाऊ नये. पॉलिस्टर सुमारे अडीचशे अंशांवर वितळते आणि वितळलेले कातडीला चिकटते. सुती कापड जळते, पण वितळून चिकटत नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, सुती पँट, पातळ तळाचे बूट. हेल्मेट आयोजक मागेलच. तीस वर्षे पॉलिस्टर विकणारा माणूस हे लिहितो आहे, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.

बाकीची तपासणी

इंजिनाला हात लावू नका, हे माझे स्पष्ट मत. इंजिन ऑइल वरच्या खुणेच्या जवळ असावे, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरकते आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. वरच्या खुणेच्या पुढे मात्र भरू नये. कूलंट, रबरी पाइप, रेडिएटरचे झाकण आणि पंखा पाहून घ्यावा. बॅटरी घट्ट बसलेली असावी.

खालची बाजू जॅकवर घेऊन पाहावी. आमच्या पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटलेले निघाले. मुंबईच्या खड्ड्यांनी केलेले काम. बुश फाटके असताना अलाइनमेंट केले तर ते पैसे पाण्यात, ब्रेक दाबला की चाक आपली जागा सोडते. आधी बुश, मग अलाइनमेंट. चाकांची तोंडे बाहेर वळवून गाडी चपळ करण्याचा सल्ला काही जण देतात. ट्रॅकपुरते ते ठीक असेल, पण रोज दहिसरला जाणाऱ्या गाडीचे टायर त्याने लवकर खाल्ले जातात. आम्ही कंपनीच्या मापावरच ठेवले. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे हा तर शुद्ध अडाणीपणा. कापलेली स्प्रिंग जागेवरून सुटू शकते आणि चारकोपचा प्रत्येक गतिरोधक पोटाला लागतो.

निघताना गाडी रिकामी करावी. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालचे गालिचे, डॅशबोर्डवरील अत्तराची शिशी, सगळे बाहेर. आमच्या गाडीतून कापडाच्या नमुन्यांची दोन जाडजूड पुस्तके निघाली. ती ब्रेक दाबताना पायडलखाली आली असती तर काय झाले असते?

घसरण्याचे शिक्षण

भाच्याला सर्वात जास्त उपयोग झाला तो सरळ पट्ट्याचा नाही, गोलाचा. मोकळ्या डांबरी जागेत शंकू लावून वर्तुळ आखतात, पाणी टाकतात आणि त्यावर एकाच वेगाने फिरायला लावतात. याला स्किडपॅन म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या चाचणीसाठी इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्समध्ये अशा कामासाठी विस्तीर्ण जागा आहेत, तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. हौशी माणसाला मात्र मालकाच्या परवानगीने घेतलेले बंदिस्त पटांगण आणि एक पाण्याचा टँकर पुरतो.

हिशेब असा. वर्तुळाची त्रिज्या १५ मीटर धरा. ताशी ३० किलोमीटरने फिरताना गाडीला आपल्या वजनाच्या सुमारे ४७ टक्के इतकी बाजूची पकड लागते. ताशी ४० ला ८४ टक्के. वेग एक तृतीयांशच वाढला, गरज पावणेदोन पटींहून जास्त झाली. कोरड्या डांबरावर साधा टायर इथेच संपतो. ओल्यावर तर ३० लाच कुरकुर सुरू होते. वर्तुळाचा घेर ९४ मीटर आहे, म्हणून ताशी ३० ला एक फेरी ११.३ सेकंदांची. हातात घड्याळ असले की टायरची हवा बदलल्याने काय फरक पडला हे आकड्यात दिसते, उगीच अंदाज नको.

पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी हद्द ओलांडली की नाक बाहेर जाते. माणूस घाबरून स्टिअरिंग आणखी वळवतो, त्याने काही होत नाही. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, स्टिअरिंग किंचित सरळ करायचे, पुढच्या चाकांवर वजन आले की पकड परत येते. पाय एकदम उचलला तर मागचा भाग फिरू शकतो. हे वाचून कळते, पण पायाला कळायला पन्नास वेळा घसरावे लागते. ताशी तीसला, शंकूंमध्ये, पाण्यात. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून जो चिखलाचा थर होतो, त्यावर हेच घडते. फक्त तिथे शंकूंऐवजी माणसे असतात.

विमा आणि कागद

आता व्यापाऱ्यांच्या खास कामाचे. आपल्या खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' हा परिच्छेद काढून वाचा. त्यात आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल या गोष्टी वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्या खिशातून. आयोजक त्याला 'प्रशिक्षण' म्हणोत, आपण विमा कंपनीला लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. मी ते वाचताना त्याच परिच्छेदात दुसरी ओळ दिसली आणि घाम फुटला. नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालाची ने-आण हीसुद्धा वगळलेली असते! नमुन्यांची पुस्तके चालतात, पण मागच्या सीटवर टाकलेले तागे चालत नाहीत. आपल्यातले किती व्यापारी रोज खासगी गाडीत तागे भरून नेतात? त्या आठवड्यापासून आमचे तागे टेम्पोने जातात. ट्रॅकच्या नादात कळलेली ही गोष्ट आमच्या पेढीला सर्वात मोलाची ठरली.

गाडीतील फेरफारांबाबत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तो जाड तोंडाचा सायलेन्सर त्याच दिवशी उतरला.

कारागिरांनी यात काय पाहावे

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांचा जो बाजार आहे, त्यात आपले अनेक बांधव आहेत. तिथून जुनी अलॉय रिम, सीट, आरसा, दिवा बेलाशक घ्यावा, रिमला चीर नाही एवढे पाहून. पण ब्रेकचे पॅड, होज पाइप, सीट बेल्ट, एअरबॅग आणि टायर वापरलेले घेऊ नयेत, आणि विकणाऱ्यांनीही विकू नयेत. खोट्या डब्यातील पॅड विकून मिळालेल्या नफ्यात बरकत कुठून येणार?

चारकोपची औद्योगिक वसाहत आणि मालवणीचे गॅरेजवाले यांच्याकडे हात आहेत, कमतरता कागदाची आहे. आमच्या उस्तादांना मी एक वही आणून दिली. गाडीचा नंबर, किलोमीटर, पॅडची जाडी, टायरचे आठवडा-वर्ष, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख, नट किती जोराने आवळले, खाली सही. हीच तपासणी ते आता ठरावीक रकमेत करून देतात आणि पक्के बिल देतात. भाच्याच्या मित्रांच्या तीन गाड्या त्यांच्याकडे आल्या. त्यातल्या एकीचे ब्रेक ऑइल आमच्यापेक्षा काळे होते आणि ती गाडी रोज मुलांना शाळेत सोडत होती. लागणारी नवी हत्यारे थोडी आहेत: टॉर्कचा पाना, हवा मोजण्याचे खात्रीचे मीटर आणि ब्रेक ऑइलमधील ओल दाखवणारे पेनासारखे यंत्र. सुरुवातीला उस्ताद कुरकुरले, "इतकी वर्षे हाताच्या अंदाजाने आवळले, कुणाचे चाक निघाले?" मी म्हटले, "मीही डोळ्याने मीटर मोजतो, पण गिऱ्हाइकासमोर गज लावतोच ना?" त्यावर ते हसले आणि पाना मागवला.

दुसऱ्या खेपेचा एकूण खर्च, ब्रेक ऑइल, पॅड, बुश, इंजिन ऑइल आणि अलाइनमेंट धरून, साडेनऊ हजार. यातला बहुतेक खर्च ट्रॅक नसता तरी करायलाच हवा होता. पहाटे फजर पढून निघालो, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. भाच्याने तीन फेऱ्या जोराच्या, एक निवण्याची, असे चार वेळा केले. पायडल शेवटपर्यंत कडक राहिले. घड्याळाने तो बाकीच्यांपेक्षा मागे होता, आणि पंख लावलेल्या एका गाडीचे पायडल दुपारी बसले तेव्हा तिच्या मालकाला ब्रेक ऑइलबद्दल समजावत तोच उभा होता. परत निघण्यापूर्वी टायर थंड होऊ दिले, हवा पुस्तकाप्रमाणे केली, नट पुन्हा तपासले, स्टेपनी आणि गालिचे जागेवर ठेवले. सोमवारी साडेदहा वाजता गाडी नमुन्यांची पुस्तके घेऊन दहिसरला गेली. लिंक रोडला एका मोटारसायकलवाल्याने शेजारी येऊन रेस मारली, असे भाच्याने संध्याकाळी सांगितले. मी विचारले, मग? म्हणाला, "मामू, त्याचा मागचा टायर गुळगुळीत होता. मी मागेच राहिलो."